साथीचं बोलावणं येत नाही, परदेशचं आलंय: एका तबलावादक मुलीच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला तो कसा कळला ते आधी लिहिते, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. तुम्ही २४ वर्षांच्या, नाशिकला राहता, तबल्यात अलंकारची परीक्षा झालीय, बारा वर्षं एकाच गुरुजींकडे शिकताय. सोलो चांगला होतो असं सगळे म्हणतात, पण गाण्याच्या साथीला कुणी बोलावत नाही. बोलावणी येतात ती मार्च महिन्यात, महिला दिनाच्या कार्यक्रमांची: पाच जणी, एकसारख्या साड्या, दहा मिनिटं. आणि आता जर्मनीहून पत्र आलंय. एक मारिंबा (काठ्यांनी वाजवायचं लाकडी पट्ट्यांचं वाद्य) वाजवणारी, एक जेंबे (हाताने वाजवायचा आफ्रिकी ढोल) वाजवणारा, एक नर्तकी आणि तबल्यावर तुम्ही. सहा आठवडे एकत्र राहून काम करायचं, शेवटी तीन प्रयोग. गुरुजी म्हणतात हात बिघडेल. घरचे म्हणतात एकटी कशी जाणार. जाऊ का, आणि ते महिला दिनाचे कार्यक्रम बंद करू का, असं तुम्ही विचारताय.

मी तीस वर्षं तबला वाजवतेय, त्यात साथच जास्त. पुण्यात शिकवते. माझं मत आधी सांगते: जा. पण तुम्ही ज्याला प्रश्न म्हणताय तो मला खरा प्रश्न वाटत नाही. शास्त्रीय की फ्यूजन हा वाद बाजूला ठेवा. तुम्हाला चार लोकांसमोर चुकायची संधी आजवर कुणी दिलेली नाही, आणि ती मिळाल्याशिवाय तबलजी तयार होत नाही. प्रत्येक बोलावणं या एका कसोटीवर घासून बघा.

असं का म्हणते ते सांगते. मुलींच्या तबल्याचं कौतुक करताना लोक काय म्हणतात ते आठवा. ‘तयारी छान आहे.’ ‘पाठांतर पक्कं आहे.’ ‘बोल किती स्वच्छ!’ हे सगळं चांगलंच आहे, पण ते गुरूंनी दिलेलं नीट सांभाळल्याचं कौतुक आहे. माझ्याबरोबर शिकणाऱ्या मुलाने पेशकारात, म्हणजे सोलोच्या सुरुवातीच्या विस्तारात, एखादी जागा अशी घेतली की ती समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आलीच नाही, तर मंडळी हसून म्हणायची, ‘विचार करतोय पोरगा.’ तेच माझ्याकडून झालं की म्हणायची, ‘रियाज कमी पडतोय.’ यात दुष्टावा नव्हता. पण दहा वर्षं असं ऐकलं की हात आपोआप सुरक्षित जागी राहायला शिकतो. उपज म्हणजे पाठ केलेल्यातून त्या क्षणी नवं काही सुचणं, आणि सुचलेलं दर वेळी बसतंच असं नाही. ज्याला फसायची मुभा नाही, त्याला सुचणंही हळूहळू बंद होतं. माझं झालं होतं.

गाण्यात बायका नव्हत्या असं नाही. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, हिराबाई बडोदेकर यांच्याशिवाय आपल्याकडच्या ख्यालगायनाची गोष्ट पुरी होत नाही. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या अगदी पहिल्या गायिकांमध्ये हिराबाई होत्या, आणि मैफलीत पुरुष गवयांसारखं बसून, अदा वगैरे न करता त्या गायच्या. म्हणजे कसं बसायचं हेसुद्धा एका बाईला ठरवून बदलावं लागलं. पण त्यांच्या बाजूला तबल्यावर पुरुषच असे. तबल्याची विद्या खाँसाहेबांच्या घरात बापाकडून मुलाकडे जायची, आणि साथीदाराचं काम म्हणजे रात्रीचा प्रवास, परक्या गावी मुक्काम, चार पुरुषांत उठबस. या दोन कारणांनी मुली बाहेर राहिल्या. मुंबईतल्या पारशी घरातल्या आबान मिस्त्री (१९४० ते २०१२) यांनी सोलो तबला वाजवला, आणि तबला-पखवाजाच्या घराण्यांवर मोठं संशोधनही केलं. अल्लारखाँ आणि झाकीर हुसेन यांच्याकडे शिकलेल्या अनुराधा पाल यांनी १९९६ साली ‘स्त्री शक्ती’ हा बायकांचा वाद्यवृंद उभा केला. तेव्हा एवढ्या सगळ्या वादक बायका एकत्र दिसणं हीच बातमी होती आणि तिचं काम तिने केलं. आज तुमच्या वाट्याला येतात ती दहा मिनिटं त्याच कल्पनेची बरीच पातळ झालेली आवृत्ती आहेत.

फर्रुखाबाद बाजाची, म्हणजे तिथल्या वादनशैलीची, एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. परंपरेत सांगतात की हाजी विलायत अली खाँसाहेबांचं लग्न लखनौच्या बक्षू खाँसाहेबांच्या मुलीशी झालं, तेव्हा सासऱ्याने हुंड्यात गती, म्हणजे तबल्याच्या बांधलेल्या रचना, दिल्या. त्या जहेजच्या गती आजही मानाने वाजवतात. मी मुलींना ही गत शिकवते तेव्हा एकच विचारते: विद्या माहेरची, मग ती मुलीच्या हातात देण्याऐवजी जावयाच्या हातात का गेली? उत्तर मी देत नाही. गत वाजवायला लावते.

आता गुरुजींच्या भीतीकडे येऊ. ती अर्धी खरी आहे, म्हणून उडवून लावू नका.

खोटा अर्धा भाग असा, की परक्या संगीताच्या संगतीने बाज बिघडतो. अहमदजान थिरकवा खाँसाहेब मूळचे मुरादाबादचे. ते कित्येक वर्षं गंधर्व नाटक मंडळीत होते. मराठी नाटक, समोर बालगंधर्व स्त्रीवेषात पदं गातायत, आणि तबल्यावर उत्तरेकडचे खाँसाहेब. त्यांच्यासाठी तीसुद्धा परकी भाषा आणि परकी रंगभूमीच होती. पुढे सोलो तबला म्हटला की त्यांचंच नाव निघायचं. हात बिघडला म्हणायची कुणाची टाप आहे? उलट नाट्यपदाला तबला कसा वाजतो याचा वस्तुपाठ महाराष्ट्राला त्यांच्याकडून मिळाला. अल्लारखाँसाहेब १९६७ साली रविशंकरांबरोबर मॉण्टेरीच्या महोत्सवात वाजवून आले, १९६८ साली बडी रिच या अमेरिकन ड्रमवादकाबरोबर त्यांची तबकडी निघाली, आणि त्यांचा पंजाब बाज शेवटपर्यंत पंजाबच राहिला. झाकीरभाईंनी विशीतच ‘शक्ती’ या फ्यूजन गटात गिटार, व्हायोलिन आणि घटमबरोबर वाजवलं. त्यांचा नंतरचा सोलो ऐका आणि सांगा पंजाबचा कायदा, म्हणजे विस्तार करत वाजवायची ती बांधलेली रचना, कुठे सैल झालाय ते.

खरा अर्धा भाग वेगळा आहे आणि तो शरीराचा आहे. जेंबे मोठा वाजतो. मोकळ्या हॉलमध्ये त्याच्या शेजारी बसलात की स्वतःचा तबला स्वतःलाच ऐकू येत नाही, आणि मग नकळत तुम्ही जोरात मारायला लागता. आठ दिवसांत चाटेवरचं, म्हणजे तबल्याच्या कडेवरचं, बोट कडक होतं, डग्ग्याची घुमक मनगटाने काढायची सोडून तळहाताने दाबून काढली जाते, आणि ‘ना’ची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, मरते. हे माझं पहिल्या दौऱ्यात झालं आणि ते निस्तरायला तीन महिने लागले. त्यामुळे पहिल्याच दिवशी त्यांना सांगा की तालमीलासुद्धा मला माझा माइक आणि माझ्या शेजारी माझा आवाज ऐकवणारा स्पीकर हवा. यात मागायला लाजण्यासारखं काही नाही. आणि रोज सकाळी कुणी उठायच्या आत तासभर विलंबित, म्हणजे संथ, लयीत एकच कायदा, अगदी हलक्या हाताने. हे दोन्ही सांभाळलंत तर हात बिघडणार नाही. गुरुजींनाही हेच सांगा. ‘मला जायचंय’ यापेक्षा ‘मी हात असा सांभाळणार आहे’ हे ऐकून गुरू जास्त लवकर विरघळतात.

सहा आठवड्यांत काय मिळू शकतं त्याचा माझा एक अनुभव लिहिते.

नेदरलँडमधल्या एका गावी एका ड्रमवादकाबरोबर मी तीन आठवडे होते. पहिल्या दिवशी मी रूपक धरला. सात मात्रा: ती ती ना, धी ना, धी ना. तुम्हाला माहीतच आहे की रूपकाची सम ‘खाली’वर, म्हणजे तालाच्या बिनवजनाच्या भागावर, येते. पहिल्या तीन मात्रांना डग्गा बोलत नाही, आणि चौथ्या मात्रेच्या ‘धी’ला खर्ज येतो. त्याला मी मोजून दाखवलं, ‘ही पहिली.’ त्याने लगेच त्या पहिलीवर पायाने मोठा ढोल हाणला. त्याच्या शिक्षणात पहिली मात्रा म्हणजे घर, तिथेच वजन. मी म्हटलं, चूक. त्याने पुन्हा केलं, मी पुन्हा चूक म्हटलं. दोन दिवस हेच चाललं आणि दोघंही चिडलो. तिसऱ्या दिवशी मी तबल्यावर गवसणी घातली आणि नुसती पढंत केली. हाताने ‘खाली’ दाखवायची, बोल म्हणायचे, बस. वीसेक मिनिटांनी तोही म्हणायला लागला. मग त्याने ड्रमवर बसून पहिल्या तीन मात्रांना पाय उचलून धरला आणि चौथीला ठेवला. पाय हवेत धरलेला मला दिसत होता. त्या तीन मात्रांत जी शांतता आली ती मी तोवर रूपकात कधी ऐकली नव्हती.

आणि तेव्हा मला माझी चूक कळली. खालीच्या तीन मात्रा मी इतकी वर्षं भरीच्याच, म्हणजे वजनाच्या मात्रांच्याच, जोरात वाजवत होते. डग्गा बंद असला की खाली झाली, एवढंच माझं गणित होतं. त्या दौऱ्यानंतर खालीच्या मात्रांना चाटेवरचं वजन मी निम्म्यावर आणलं. पुण्यात परतल्यावर ज्या गायिकेची मी साथ करायचे, तिने दुसऱ्याच बैठकीत विचारलं, ‘रूपक बदललास का गं? मला मुखडा घ्यायला जागा मिळतेय.’ त्या ड्रमवादकाला ख्याल काय ते माहीत नव्हतं. पण ख्यालातला माझा ठेका त्याच्यामुळे सुधारला. देवाणघेवाण म्हणतात ती अशी होते. दोन्हीकडे काहीतरी हलावं लागतं, आणि त्याला दिवस लागतात. तीन दिवसांचा महोत्सव असता तर आम्ही ‘चूक, बरोबर’वरच थांबलो असतो आणि स्टेजवर सात मात्रांचं काहीतरी जोरात वाजवून टाळ्या घेतल्या असत्या. तुम्हाला सहा आठवडे देतायत, म्हणून मी जा म्हणतेय.

पण पत्राला उत्तर देण्याआधी त्यांना काही गोष्टी विचारा. रचना कोण बांधणार, की आधीच बांधलेली आहे आणि तुम्ही तिच्यात ‘भारतीय रंग’ भरायचाय? तसं असेल तर माझं मत बदलेल. तिथे तुम्ही शोभेच्या, जशा महिला दिनाला. रचनेत तुमचा वाटा असेल तर कार्यक्रमपत्रिकेत आणि ध्वनिमुद्रणावर रचनाकार म्हणून नाव येईल का, हे लेखी घ्या. आणि हीच शिस्त स्वतःलाही लावा. थिरकवा खाँसाहेबांचा किंवा अमीर हुसेन खाँसाहेबांचा कायदा घेतलात तर तो त्यांचा आहे असं सांगून वाजवा. तिकडे कुणाला कळत नाही म्हणून ‘माझी रचना’ म्हणणारे मी पाहिलेत, त्याचं फार वाईट वाटतं.

तांत्रिक दोन गोष्टी. मारिंबाचे सूर पक्के असतात, ती तुमच्यासाठी खाली-वर होणार नाही, आणि युरोपात ती बहुधा ४४२ हर्ट्झला लावलेली असते. आपल्या पेट्या, म्हणजे हार्मोनियम, साधारण ४४०च्या. फरक थोडा आहे, पण ‘ना’ मोकळा सोडलात की खटकतो. तबला मारिंबाशी मिळवा, फोनवरच्या तानपुऱ्याशी नको. आणि तिथली गरम केलेली कोरडी हवा पुडीला, म्हणजे तबल्याच्या कातड्याला, सोसत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात तबला उतरतो, तिथे चढतो. रात्री वादीखालचे लाकडी गट्टे थोडे वर घेऊन तबला गवसणीत ठेवा, नाहीतर सकाळी पुडी फाटलेली मिळेल. एक जादा पुडी वादीसकट बरोबर न्या. तिथे बदलून देणारा शोधत बसावं लागेल.

आता महिला दिन. बंदच करा असं मी म्हणणार नाही. बिदागी मिळते आणि २४व्या वर्षी ती लागते. मीही केलेत. एकदा एका संस्थेच्या कार्यक्रमात आम्हाला साड्यांचा रंग आठ दिवस आधी कळवला होता, पण तबल्याला माइक किती आहेत हे आयत्या वेळी कळलं. पाच तबल्यांना दोन. तेव्हापासून मी निमंत्रण देणाऱ्याला पहिला प्रश्न माइकचा विचारते आणि दुसरा वेळेचा. वीस मिनिटं देत असाल तर येते, त्यात दहा मिनिटं आम्ही बांधलेलं वाजवू आणि दहा मिनिटं एकमेकींना सवाल-जवाब, न ठरवता. निम्मे आयोजक हो म्हणतात. ती न ठरवलेली दहा मिनिटं तुमची. बाकीचे कार्यक्रम पैशांसाठी केलेत तर करा, पण तबला पुढे गेला असं धरू नका.

साथीचं मात्र मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण तुमचं दुःख तिथे आहे. बोलावणं येत नाही याचं कारण फक्त पुरुष गायक नाहीत. गायिकाही बोलावत नाहीत. एका मोठ्या गायिकेने मला तोंडावर सांगितलं होतं, साथीला बाई दिसली की आयोजकांना कार्यक्रम हौशी वाटतो, माझं मानधन कमी करतात. तिचं चुकलं असं मी आजही म्हणू शकत नाही. तिला तिची जागा टिकवायची होती. मला पहिली खरी साथ मिळाली ती पावसामुळे. मुंबईहून येणारे तबलजी कर्जतच्या घाटात गाडी अडकून राहिले आणि मी प्रेक्षकांत बसले होते. विलंबित एकताल. एक आवर्तन जवळजवळ मिनिटाचं. सोलोची माझी सगळी तयारी त्या मिनिटात निकामी होती. ‘धागे तिरकिट’नंतर ‘तू’ येईपर्यंतची पोकळी धरून ठेवणं, तिथे काहीही न वाजवणं, हे कुठल्याच परीक्षेत विचारलेलं नव्हतं. दोनदा मी घाईत पुढे गेले. गायिकेने नुसती मान हलवली आणि मला ओढून परत आणलं. तिसऱ्या आवर्तनापासून बसलं. रात्री तिने विचारलं, ‘पुढच्या महिन्यात साताऱ्याला येशील?’

पावसाच्या भरवशावर राहू नका एवढंच. तुमच्या वयाच्या, नाशिकमधल्या तीन-चार गाणाऱ्या मुली-मुलगे शोधा आणि आठवड्यातून दोनदा त्यांच्या रियाजाला नुसता ठेका धरायला जा. पैसे नकोत, लग्गी नको, तुकडा नको. सहा महिने विलंबित एकताल, तिलवाडा, झपताल. दोन तबले जवळ ठेवा. बायका बहुधा पेटीच्या काळी चार-पाच पट्टीच्या आसपास गातात. त्याला मोठ्या तोंडाचा ढाला, म्हणजे खालच्या सुराचा, तबला लागतो, नाहीतर काळी एकचा तबला काळी चारच्या मध्यमाला लागतो, तो चालवून घेता येतो. पुरुषांच्या काळी एकला तो थेट षड्जात. दोन्ही जवळ असलेली साथीदार आयत्या वेळी उपयोगी पडते, आणि आयत्या वेळी उपयोगी पडलेल्या माणसाचं नाव लोक लक्षात ठेवतात. ही मुलं उद्या मैफली करतील तेव्हा तुमचा ठेका त्यांच्या कानात बसलेला असेल. तुमच्या पिढीला साथीला बाई बघायची सवय तुम्हीच लावायची आहे.

घरच्यांचं काय, हे मी इथून सांगू शकत नाही. घर कसं आहे, पैसे कोण देणार, लग्नाची बोलणी चालू आहेत का, यावर ते अवलंबून आहे. माझ्या घरी सासूबाई पाठीशी उभ्या राहिल्या म्हणून मी नेदरलँडला गेले, सगळ्यांना ते मिळत नाही हे मला माहीत आहे. मुलाच्या वेळी सातव्या महिन्यानंतर मांडी घालून तबला पुढे घेता येईना, तेव्हा चार महिने मी फक्त पढंत केली. त्या काळात कुणी मला तबलजी मानत नव्हतं, पण लय शाबूत राहिली. ‘एकटी कशी’ या प्रश्नामागे भीती असते. तिला माहितीने उत्तर द्या: राहायची जागा, बरोबर कोण, परतीचं तिकीट कुणाच्या हातात. मारिंबा वाजवणाऱ्या बाईंना सांगा की माझ्या आईशी व्हिडिओवर दहा मिनिटं बोला. मी माझ्या दोन विद्यार्थिनींच्या बाबतीत असं करायला लावलं होतं. भाषा कळली नाही तरी समोरची खोली आणि समोरचं माणूस आईला दिसलं, आणि एका आईने तिकडच्या बाईला विचारलं ते एवढंच: हिला पोळी लाटायला पोळपाट आहे का तिथे? नव्हता. मुलीने बॅगेत घातला, डग्ग्याशेजारी.